कॉन्स्टँटिनोपलच्या तटाचं लाकडी किट: तट झकास, कायदा मात्र दोन ओळीत उरकलाय

आधी स्टार सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. त्यातला अर्धा स्टार आमच्या तात्यांमुळे वाढलाय, किटवाल्यांमुळे नाही.

आमचं घर विजयदुर्गच्या जवळ, त्यामुळे किल्ला म्हणजे पाहुणे आले की दाखवायला न्यायची जागा, एरवी कोण जातंय. पण यंदा मुलाच्या सातवीच्या वर्गाची तिथे सहल गेली आणि तो घरी येऊन विचारायला लागला की आई असा एकामागे एक तिहेरी तट जगात अजून कुठे आहे का, मी म्हटलं असेल बाबा, आणि दोघं मोबाईलवर शोधत बसलो तर निघालं कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आत्ताचं इस्तंबूल. तिथे जमिनीकडच्या बाजूला पुढे खंदक, मग बाहेरचा तट, मग आतला मोठा तट, आणि बांधलाय पाचव्या शतकात, थिओडोसिअस दुसरा नावाच्या रोमन बादशहाच्या काळात. दोन दिवसांनी त्याच मोबाईलवर या किटची जाहिरात आली (मोबाईल ऐकत असतो हे माझं ठाम मत आहे) आणि २,८९९ रुपये गेले.

बॉक्समध्ये लेझरने कापलेल्या एमडीएफच्या शीट येतात, २१४ तुकडे, विटांचे पट्टे दाखवायला स्टिकर, गोंदाची एक बाटली, एक नकाशा आणि २४ पानांचं इंग्रजी पुस्तक. अख्खा तट नाही, एक तुकडा आहे फक्त, आतल्या तटाचे दोन बुरूज, बाहेरच्या तटाचा मधला एक छोटा बुरूज आणि पुढे खंदक, स्केल एकास दोनशे.

डिलिव्हरीबद्दल न बोललेलंच बरं पण बोलते. कुरिअरवाल्याचा फोन आला की मॅडम तुमचा पत्ता सापडत नाही, मी विचारलं तुम्ही कुठे आहात तर म्हणाला पडेल कॅन्टीनला (हे आमच्या जवळच्या ठिकाणाचं नाव आहे), अहो म्हटलं तिथे कोणालाही विचारा, तर हो हो म्हणाला आणि संध्याकाळी मेसेज आला की ग्राहक घरी नव्हता. असं तीन वेळा. शेवटी नवरा बाईक घेऊन गेला आणि घेऊन आला, तोवर मृग लागून पाऊस धो धो सुरू झालेला आणि बॉक्सचा एक कोपरा ओला. एमडीएफला ओल लागली की काय होतं ते कोकणात कपाटं करून घेतलेल्या कुणालाही विचारा, पावासारखा फुगतो. खंदकाची एक पट्टी अशी फुगली की खाचेत बसेचना, शेवटी कानस मारून बसवली. पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही की दमट हवेत करू नका. मी लिहिते, एकतर मे महिन्यात करा नाहीतर गणपती गेल्यावर.

गोंदाची बाटली आतून वाळलेली होती, फेव्हिकॉल वापरला. चर्यांचे, म्हणजे तटावर दातासारखे असतात ना त्यांचे, चार तुकडे कमी होते. कस्टमर केअरला मेल केला तर फोटो पाठवा असं उत्तर आलं, आता नसलेल्या तुकड्यांचा फोटो कसा पाठवू?

पण कटिंग खरंच चांगलं आहे, हे कबूल करायला हवं. बुरुजाचे जिने, फांजीवर (तटावरच्या चालायच्या वाटेवर) जायची वाट, जंग्या म्हणजे मारा करायची भोकं, सगळं नीट. मापंही आम्ही पट्टी लावून तपासली, मुलाला गणिताचा अभ्यास झाला तेवढाच. आतला तट खऱ्यात साधारण १२ मीटर उंच म्हणजे मॉडेलमध्ये ६ सेंटीमीटर यायला हवा, येतो. दोन बुरुजांमधलं अंतर खऱ्यात ५५ मीटरच्या आसपास, म्हणजे साडेसत्तावीस सेंटीमीटर, तेही बरोबर. असे एकूण ९६ बुरूज होते आतल्या तटाला आणि हा तट समुद्रापासून वर साडेपाच किलोमीटरच्या वर पसरलेला, हे पट्टीने २७ सेंटीमीटर मोजल्यावर जरा डोक्यात शिरतं. आता घोळ कुठे घातलाय तर खंदकात. खरा खंदक २० मीटरच्या आसपास रुंद, म्हणजे इथे १० सेंटीमीटर हवा, आणि यांनी दिलाय ४. बॉक्स लहान ठेवायला कापलाय हे उघड आहे. वर त्यात निळं प्लॅस्टिक घालून काठोकाठ पाणी दाखवलंय, आणि त्या खंदकात पाणी भरायचे की तो कोरडा ठेवायचे यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. एकास दोनशे असं बॉक्सवर छापलंय तर मग सगळं एकास दोनशे द्या ना.

आता तात्या. तात्या म्हणजे नवऱ्याचे चुलते, चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं, जांभ्याचा चिरा हातात घेऊन सांगतात कुठल्या खाणीतला. ते संध्याकाळी चहाला आले आणि मॉडेल बघून म्हणाले, "ह्या काय गो? बुरूज भितीक जोडलेलो नाय मा!" मी म्हटलं तसंच आहे पुस्तकात, चित्रात बुरूज आणि तट वेगवेगळे उभे करून मग शेजारी चिकटवायचेत, मला वाटलं लेझर कटिंगच्या सोयीसाठी असेल. तात्यांनी चहा बाजूला ठेवला. "सोयीसाठी नाय. बुरूज जड, भित हलकी. एकाच पायार दोनय घेतलस तर जड बाजू आधी खाली बसतली आणि मधी तडो जातलो. येगळे ठेवले तर ज्येचो तो बसता."

आणि मी नंतर शोधलं तर खरंच, ते बुरूज आणि तो तट मुळात वेगवेगळे बांधलेले होते, दोघांच्या वजनात फरक म्हणून, एकाचं खचणं दुसऱ्याला बाधू नये म्हणून. पुस्तकात यावर एक अक्षर नाही, बघा म्हणजे. तसंच ते विटांच्या पट्ट्याचं. स्टिकर चिकटवताना मुलगा म्हणाला डिझाईन छान आहे, तात्या म्हणाले "डिझाईन नाय बाबू, तो बंद आसा." दोन्ही बाजूंना घडीव दगड आणि मधे चुना-दगडाची भर असली की दगडाचे पापुद्रे सुटायची भीती असते, म्हणून मधे मधे विटांचे थर तटाच्या आरपार घेतले की सगळं एकमेकांना धरून राहतं. आणि तिथल्या चुन्यातही विटांचा चुरा असायचा, आपल्याकडे सुरखी म्हणतात तीच. हे ऐकून तात्या खूश, जणू त्यांच्याच कुठल्या कामाचं कौतुक केलं. स्टिकर मात्र तिसऱ्या दिवशी दमटपणाने सुटले, ते आता हळदीकुंकवाच्या करंड्याला चिकटलेत, कसे ते विचारू नका.

पुस्तकाचा सगळ्यात चांगला भाग भूकंपाचा. ४४७ साली भूकंप झाला आणि ५७ बुरूज कोसळले, आणि तेव्हाच हूणांचा राजा अटिला सैन्य घेऊन बाल्कनमध्ये घुसलेला. म्हणजे घराचं छप्पर उडालंय आणि वर ढग भरून आलेत, ती गत. तेव्हा कॉन्स्टंटाईन नावाच्या अधिकाऱ्याने (बादशहा कॉन्स्टंटाईन वेगळा, तो शंभर वर्षं आधीचा) सगळं ६० दिवसांत उभं केलं, आणि कामाला लावले कोण तर रथांच्या शर्यतीतले निळे आणि हिरवे. हे दोन गट म्हणजे आपल्याकडच्या डबलबारीत दोन बुवांचे समर्थक कसे आमनेसामने बसतात तसे, फक्त हे लोक मारामाऱ्या करायचे, जाळपोळ करायचे. त्यांच्यात जुंपवून दिली की बघू कोण आधी बांधतं. एका दरवाजावर अजूनही शिलालेख आहे की दोन महिनेही लागले नाहीत, पॅलस (अथीना) देवीलासुद्धा इतक्या पटकन जमलं नसतं. आमच्या इथली साकवाची दुरुस्ती आठवली, पण जाऊदे.

पण पुस्तकात हे मात्र नीट सांगत नाहीत की एवढा तट उभा असूनही त्या बादशहाने अटिलाला सोनं दिलं ते दिलंच. आधी वर्षाला ७०० पौंड ठरलेले, ४४७ नंतर ते २,१०० पौंड झाले आणि वर ६,००० पौंड थकबाकी. तटाने शहर वाचलं, खेडीपाडी तटाच्या बाहेरच होती.

आता माझी खरी तक्रार. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलंय 'तट आणि कायदा', बादशहाचे दोन वारसे, वगैरे. मी देवगडला एका दस्तलेखकाकडे टायपिंग करते, खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोड, त्यामुळे मला तट कमी आणि कायदा जास्त बघायचा होता. आणि पुस्तकात कायद्याला मिळालंय शेवटचं अर्धं पान, त्यातल्या दोन ओळी थिओडोसिअन कोडच्या (याच बादशहाने गोळा करून घेतलेल्या कायद्यांचा संग्रह) आणि बाकी जागेत दाढीवाल्या माणसाचं चित्र.

गंमत म्हणजे तात्यांनी पहिल्या दिवशी मॉडेल बघून बुरुजानंतर दुसरा प्रश्न हाच विचारला. कोकणातला माणूस दुसरं काय विचारणार. "जागा कोणाची होती? तटात ज्येंची जमीन गेली त्येंका काय दिल्यान?"

याचं उत्तर आहे, आणि ते त्याच कोडमध्ये आहे! ४ एप्रिल ४१३ चा कायदा, अँथेमिअस या प्रीफेक्टच्या, म्हणजे बादशहाच्या मुख्य कारभाऱ्याच्या, नावे काढलेला, ज्याच्या देखरेखीखाली हा तट झाला. त्यात म्हटलंय की नवीन तट ज्यांच्या जमिनीतून गेलाय त्यांना काम झाल्यावर बुरूज वापरायला मिळतील, पण दरवर्षी त्यांची दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या खर्चाने करायची, आणि ही अट कायमची, ती जमीन पुढे ज्याच्या नावावर जाईल त्यालासुद्धा लागू. मी हे वाचलं आणि थांबलेच. आम्ही रोज टाईप करतो ना, 'लिहून देणार व त्यांचे वालीवारस यांच्यावर बंधनकारक राहील', अगदी तेच, सोळाशे वर्षांपूर्वी. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "राजा हुशार. जागा घेतल्यान ती घेतल्यान, वर डागडुजी तुझ्याच माथ्यार." आणि मग जरा वेळाने, "आमच्या गडग्याक असो कागद व्हयो होतो."

गडग्याचं कळायला कोकणात राहायला हवं. आमच्या आणि शेजारच्या हद्दीत चिऱ्यांचा गडगा आहे, दर पावसाळ्यात कुठेतरी ढासळतो, आणि तो कोणी रचायचा यावर दोन पिढ्या बोलाचाल नव्हती. गडगा मजबूत होता हो, रचायचा कोणी हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

आणि हा कायदा काढला तेव्हा बादशहाचं वय किती, तर १२ वर्षंही पुरी नव्हती. जन्म ४०१ चा, बाप गेला ४०८ ला, सातव्या वर्षी गादीवर. म्हणजे आमच्या कार्ट्याएवढा, जो अजून डबा धुवून ठेवत नाही. अर्थात करणारे अँथेमिअससारखे लोक होते आणि नंतर मोठी बहीण पुल्केरिया, पण सही-शिक्का त्याचा. किटमधल्या चित्रात मात्र तो दाढी-मिशीवाला धिप्पाड दाखवलाय, शोभेसाठी.

मग ४२२ ला अजून एक हुकूम, की मोहिमेवर जाणाऱ्या किंवा परत येणाऱ्या सैनिकांना या बुरुजांचे तळमजले राहायला द्यायचे, जमीनमालकांनी कुरकुर करू नये. म्हणजे नऊ वर्षांत दिलेल्या वापरातला अर्धा काढून घेतला, सरकार ते सरकार. मॉडेलमध्ये तळमजल्याला वेगळं दार दिलंय आणि वरच्या मजल्यावर जायची वाट वेगळी आहे, कापणाऱ्याने बरोबर कापलंय, लिहिणाऱ्याने का दिलंय ते लिहिलं नाही. एवढी एक ओळ घातली असती तरी मी चार स्टार दिले असते.

कोडबद्दल थोडं मीच लिहिते, कारण पुस्तकाने नाही केलं. आपल्याकडे जीआर निघतो, मग त्याचं शुद्धिपत्रक, मग अधिक्रमित करणारा दुसरा जीआर, आणि ऑफिसात जाल तर टेबलावरचा माणूस तिसराच दाखवतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना चटकन कळेल. रोमन बादशहांचंही तसंच, शंभर-सव्वाशे वर्षांचे हुकूम कुठे कुठे पडलेले. थिओडोसिअसने ४२९ ला नऊ जणांची समिती नेमली की बादशहा कॉन्स्टंटाईनपासूनचे सगळे कायदे गोळा करा, ते रखडलं, ४३५ ला पुन्हा समिती, आणि १५ फेब्रुवारी ४३८ ला कोड जाहीर, १ जानेवारी ४३९ पासून लागू. १६ भाग, अडीच हजारांच्या वर कायदे, विषयवार लावलेले आणि विषयात तारखेप्रमाणे, म्हणजे नंतरचा आधीच्यावर चालणार. आमच्या साहेबांच्या कपाटातल्या फायली अशा लावल्या तर मी त्यांच्या पाया पडेन.

रोमच्या सिनेटमध्ये ते वाचून दाखवलं तेव्हाचं इतिवृत्त शिल्लक आहे आणि ते फार गमतीदार आहे, सिनेटर लोक घोषणा देतायत आणि कारकून प्रत्येक घोषणा किती वेळा दिली ते लिहून ठेवतोय. जय हो, जय हो आठ वेळा, वगैरे. पण त्यात 'मजकुरात कोणी घुसडाघुसडी करू नये म्हणून जास्त प्रती काढा' ही घोषणा २५ वेळा आहे. जिने स्टॅम्पपेपरवर खाडाखोड बघितलीय तिला त्या २५ वेळांमागची कळकळ समजते.

त्याच्याही आधी ४२६ ला पश्चिमेकडच्या रोमन दरबारातून एक कायदा निघाला होता, जुन्या कायदेपंडितांची मतं कोर्टात कशी मोजायची त्याचा. पाच नावं ठरवली, पापिनिअन, पॉलस, अल्पिअन, मोडेस्टिनस आणि गायस. बहुमत असेल तर बहुमत, समसमान झालं तर पापिनिअन म्हणेल ते, आणि पापिनिअन गप्प असेल तर न्यायाधीशाने ठरवावं. पाचही जण केव्हाचे वारलेले! मेलेल्यांचं मतदान. नवरा म्हणाला यात नवीन काय, आपल्या भावकीतही अजून आजोबा काय म्हणाले होते त्यावरच चाललंय.

सगळंच गोड नाही हेही सांगायला हवं. सोळावा भाग धर्माचा, त्यात जुन्या देवांची पूजा करणाऱ्यांवर, वेगळ्या पंथाच्या ख्रिश्चनांवर बंधनं आणि शिक्षा भरलेल्या आहेत, आणि ४३८ मध्येच या बादशहाने ज्यू लोकांना सरकारी पदांवरून दूर ठेवणारा कायदाही केला. तट बाहेरच्यांसाठी होता, हा आतल्यांसाठी. किटच्या पुस्तकात याचा उल्लेख नाही, मुलांसाठी आहे म्हणून गाळलं असेल, पण सातवीचं पोर विचारतं हो.

आणि एवढे कायदे गोळा करणारा माणूस स्वतः कागद न वाचता सही करायचा अशी त्याची ख्याती. गोष्ट अशी सांगतात की बहिणीने धडा शिकवायला एक कागद पुढे केला, याने सही ठोकली, आणि तो निघाला बायकोला गुलाम म्हणून देऊन टाकल्याचा दस्त. खरी असो खोटी असो, ऑफिसात आता आम्ही पक्षकारांना हीच गोष्ट सांगतो, वाचा मग सही करा.

किटच्या शेवटच्या पानावर १४५३ चा वेढा दोन परिच्छेदात आहे, तोफा, सुलतान मेहमेद, २९ मे, ते सगळीकडे मिळतं. आजचं काय ते मात्र नाही. तटाच्या कडेला येडीकुलेला अजून भाजीचे मळे आहेत, तिथलं लेट्यूस प्रसिद्ध. १९८५ ला तट युनेस्कोच्या यादीत गेला, आणि १९९९ च्या भूकंपात काही ठिकाणी जुनं बांधकाम टिकलं आणि नवीन दुरुस्ती केलेलीच पडली. हे तात्यांना सांगितल्यावर ते नुसते हसले, काही बोलले नाहीत. आपला विजयदुर्गही २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गेला बाकी अकरा किल्ल्यांबरोबर, त्यामुळे माझी किटवाल्यांना सूचना, पुढचं किट विजयदुर्गचं काढा, पण खंदक बिंदक कापू नका आणि मराठीत पुस्तक द्या.

घ्यावं का? मूल दहाच्या वर असेल आणि घरात एखादा गवंडी किंवा वकील असेल तर जरूर घ्या. नसेल तर २,८९९ जास्त आहेत, सेल लागेपर्यंत थांबा. फेव्हिकॉल वेगळा आणा, कानस ठेवा, नीट बसायला चार-पाच संध्याकाळी लागतात, बॉक्सवर दोन तास लिहिलंय ते विसरा.

आमचं मॉडेल आता टीव्हीच्या वर आहे. नसलेल्या चार चर्या तात्यांनी नारळाच्या करवंटीच्या करून दिल्या, लांबून कळत नाही. एका बुरुजाच्या तळमजल्यात मुलाने खोडरबर आणि दोन शार्पनर ठेवलेत, मी हटकलं तर म्हणाला माझी जागा आहे, सैनिक आले की खाली करून देईन.